तुमचे प्रश्न : सोयाबीन

खरिपाच्या तोंडावर आलेल्या पत्रांतले सोयाबीनचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. काही पेरणीआधीचे आहेत, काही पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लागतील. मात्रा एकरी आहेत. जिथे १० लिटर पाण्याचा किंवा किलो बियाण्याचा हिशेब आहे तिथे तसे लिहिले आहे.

प्रश्न : मागच्या हंगामातले फुले संगम वाणाचे चार पोती सोयाबीन घरी ठेवले आहे. तेच पेरले तर चालेल का? एकरी किती लागेल? – औसा, जि. लातूर

चालेल. सोयाबीन स्वपरागीत पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणे घेतले की त्यातून आलेले घरचे बियाणे पुढे तीन हंगाम वापरता येते, दरवर्षी नवी बॅग घ्यायलाच हवी असे काही नाही. अडचण येते ती उगवणीची. या दाण्याचे टरफल फार पातळ असते आणि कोंब टरफलाच्या अगदी लगत असतो. पोते आपटले, मळणी यंत्र जोरात फिरले किंवा थप्पी उंच लागली की दाणा वरून टपोरा दिसतो, पण रुजत नाही. म्हणून दाणा पाहून ठरवू नका, मोजून ठरवा.

प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या भागातून मूठभर दाणे काढून एकत्र करा. त्यातले न निवडता १०० दाणे घ्या. निवडून चांगले दाणे घेतले तर चाचणी फुकट जाते, आणि नेमके तेच जास्त वेळा होते. ओल्या बारदानावर दीड-दोन सेंटिमीटर अंतराने दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरे ओले बारदान टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सातव्या-आठव्या दिवशी उघडून मोजा. मूळ आणि दोन्ही दले शाबूत असलेलाच मोड धरायचा. बुरशी लागलेला, मूळ तुटलेला किंवा नुसताच फुगलेला दाणा धरायचा नाही. असे तीन वेळा करून सरासरी काढा. चारही पोती एकाच दिवशी, एकाच यंत्रावर मळलेली नसतील तर प्रत्येकाची चाचणी वेगळी करा.

सरासरी ७० किंवा वर आली तर एकरी ३० किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवा, म्हणजे ६४ टक्के आली तर ३३ किलो. ६० च्या खाली गेली तर ते बियाणे बाजारात घाला, पेरू नका. दुर्बळ बियाणे जास्त टाकून रोपांची संख्या कशीबशी भरते, पण उगवलेली रोपेही मरतुकडी असतात.

हा ३० किलोचा आकडा कुठून आला तेही पाहा. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर एकरी साधारण १ लाख ७८ हजार रोपे बसतात. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम असेल तर ३० किलोत अडीच लाख दाणे येतात आणि त्याचे ७० टक्के म्हणजे पावणेदोन लाख. तुमचे बियाणे बारीक असून उगवण ८५ टक्के असेल तर ३० किलो टाकणे म्हणजे दाटी ओढवून घेणे. मग २४-२५ किलोही पुरते. तेव्हा चाचणीच्या वेळी ते १०० दाणे सोनाराकडे किंवा किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर मोजून घ्या.

प्रश्न : बीजप्रक्रिया केली तर दाण्यांची साल निघाली, गोळे झाले, पेरणी यंत्रात अडकले. प्रक्रिया न केलेलीच बरी का? – कळमनुरी, जि. हिंगोली

पाणी जास्त झाले आणि हाताने चोळले, दोन्ही चुकले. हरभऱ्याला चालते ते सोयाबीनला चालत नाही. १० किलो बियाण्याला कार्बोक्झिन अधिक थायरम हे मिश्र बुरशीनाशक ३० ग्रॅम घ्या आणि त्याची ५० मिली पाण्यात पातळ खीर करा, त्याहून जास्त पाणी नको. बियाणे प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर पसरून औषध शिंपडा आणि दोघांनी चारही कोपरे धरून हलवा. दाणा दाण्यावर घरंगळला की औषध आपोआप लागते. सावलीत सुकले की त्याच १० किलोला थायामेथॉक्झाम ३० एफएस हे कीटकनाशक १०० मिली तसेच लावा. खोडमाशीच्या पहिल्या पिढीवर याचा मोठा उपयोग होतो. ही दोन्ही कामे आदल्या दिवशी उरकता येतात.

पेरणीच्या सकाळी सगळ्यांत शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, १० किलो बियाण्याला पावडर असेल तर प्रत्येकी २५० ग्रॅम, द्रवरूप असेल तर १०० मिली. क्रम उलटा केला तर बुरशीनाशक जिवाणूंनाच मारते. पाकीट घेताना सोयाबीनचेच रायझोबियम आहे हे पाहा. हरभऱ्याचे किंवा तुरीचे सोयाबीनच्या मुळावर गाठी धरत नाही. प्रक्रिया केलेले बियाणे उन्हात ठेवू नका, उरलेले खाण्यात किंवा जनावरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नका, आणि हातात मोजे घाला.

प्रश्न : पहिला पाऊस झाला की पेरावे की थांबावे? मागच्या वर्षी पेरले आणि निम्मे उगवलेच नाही. – रिसोड, जि. वाशीम

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन वीतभर खोल ओली झाल्याशिवाय पेरू नका. कपाशीची धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या रानात पेरणी) निभावून जाते, सोयाबीनची नाही. सोयाबीनच्या दाण्याला रुजण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके पाणी शोषावे लागते. अर्धवट ओलीत तो फुगतो, पुढे ओल मिळाली नाही की कुजतो, आणि दुबार पेरणी येते.

निम्मे न उगवण्याचे दुसरे कारण खोली. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचे फण भुसभुशीत रानात सहज ७-८ सेंटिमीटर खाली जातात. सोयाबीन आपली जाड दले डोक्यावर घेऊन मातीबाहेर येते, त्यामुळे ५ सेंटिमीटरपेक्षा खोल पडलेला दाणा वर येताना मान मोडून बसतो. त्यात पेरणीवर जोराचा पाऊस येऊन ऊन पडले आणि पापुद्रा धरला की संपलेच. ३ ते ५ सेंटिमीटर ही खोली कागदावर ठेवू नका. यंत्र वीस-तीस फूट चालवून थांबवा, प्रत्येक फणामागची माती बोटाने उकरून दाणा कुठे आहे ते पाहा आणि मग पुढे जा. ट्रॅक्टरच्या चाकामागचे फण बाकीच्यांपेक्षा वेगळ्या खोलीवर चालतात, तेही तपासा.

शक्य असेल तर रुंद वरंबा सरी यंत्राने पेरा. ते नसेल तर पेरणीच्या चार किंवा सहा तासांनंतर (ओळींनंतर) एक तास मोकळे सोडा आणि पहिल्या कोळपणीच्या वेळी तिथे सरी पाडा. जास्त पावसात पाणी निघून जाते, कमी पावसात सरीतली ओल उपयोगी पडते, आणि पुढे फवारणीला पीक न तुडवता चालायला वाट राहते. मोकळ्या तासामुळे रोपे कमी झाली तरी उतारा कमी होत नाही, कडेची झाडे ती भर काढतात.

१५ जुलै उलटली तर सोयाबीनचा हट्ट सोडा. हे पीक दिवसाच्या लांबीवर फुलते. उशिरा पेरले की वाढ व्हायच्या आत फुलावर येते.

प्रश्न : डीएपी मिळत नाही. दुकानदार दुसरेच काही घ्या म्हणतो. काय द्यावे? – परळी, जि. बीड

डीएपी (नत्र आणि स्फुरदाचे खत) न मिळाल्याने सोयाबीनचे काही बिघडत नाही, उलट फायदाच आहे. एकरी १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश आणि ८ किलो गंधक एवढी गरज. सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची तीन पोती, युरिया २६ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो, एवढ्यात ती भागते. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदासोबत ११ टक्के गंधक असते, ते फुकट मिळते. डीएपीत ते नसते. सोयाबीन तेलबिया पीक असल्याने गंधक दिल्याचा फायदा दाण्यातल्या तेलात दिसतो. दुकानात २०:२०:०:१३ हे मिश्र खत असेल तर ते ६० किलो, सोबत सुपर फॉस्फेट ७५ किलो आणि पोटॅश २० किलो घ्या. मग वेगळा युरिया नको.

सगळे खत पेरणीबरोबर, बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पडेल असे द्या. बियाण्यात मिसळून देऊ नका, कोंब जळतो. युरियाचा दुसरा हप्ता तर देऊच नका. मुळावरच्या रायझोबियमच्या गाठी काम करू लागल्यावर पिकाला नत्र घरचे मिळते. वरून युरिया टाकला की गाठी आळसावतात, झाड पानावर जाते आणि शेंगा कमी धरते. तीस-पस्तीस दिवसांनी एक रोप मातीसकट खणून काढा आणि गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी रंग असेल तर नत्राची काळजी मिटली.

प्रश्न : उगवलेली रोपे रात्रीत गोगलगायी खाऊन टाकतात. उपाय? – अंबाजोगाई, जि. बीड

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागांत याच कारणाने दुबार पेरण्या झाल्या. गोगलगायी बांधावरून आत येतात, म्हणून बांधापासूनच सुरुवात करा. बांधाचे गवत काढा, पिकाच्या कडेने चुन्याचा चार बोटे रुंद पट्टा ओढा; पाऊस झाला की तो पुन्हा ओढावा लागतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदाने संध्याकाळी रानात ठिकठिकाणी टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी मोजे घालून उचला आणि मिठाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात टाका. मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्या एकरी २ किलो, संध्याकाळी, बांधालगत. कुत्री आणि कोंबड्या त्या खातात, तेव्हा जनावरे बांधून ठेवा. हे काम एकट्याने करून उपयोग नाही, शेजारच्यालाही सोबत घ्या.

प्रश्न : तणनाशक मारले, गवत गेले पण केना तसाच आहे. वर सोयाबीनही पिवळे पडले. – दारव्हा, जि. यवतमाळ

केना हे तण चार पानांच्या पुढे गेले की इमॅझेथापायर या तणनाशकाला फारशी दाद देत नाही. फवारणी उशिरा झाली असणार. उगवणीनंतरचे तणनाशक पेरणीपासून १५ ते २० दिवसांत, तण दोन ते चार पानांवर असताना मारायचे असते. इमॅझेथापायर १० एसएल ४०० मिली. किंवा इमॅझेथापायर अधिक इमॅझामॉक्स ४० ग्रॅम. रुंद पानाचे तण जास्त असेल तर फ्लुअझिफॉप अधिक फोमेसाफेन ४०० मिली. जमिनीत ओल हवी, फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल हवे आणि पाणी एकरी २०० लिटर हवे. सोबत कीटकनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच पंपात घालू नका. पीक जास्त पिवळे पडते ते बहुतेक या खिचडीनेच.

पिवळेपणा आठ-दहा दिवसांत निघून जातो, त्यावर औषध नको. केना आता हातानेच काढा, आणि उपटलेला बांधावर टाकू नका, तो प्रत्येक पेऱ्याला मुळे धरतो. ज्या रानात केना ठरलेला आहे तिथे पुढच्या वर्षी पेरणीनंतर ४८ तासांच्या आत डायक्लोसुलम ८४ डब्ल्यूडीजी १२.४ ग्रॅम ओल्या जमिनीवर मारा.

प्रश्न : दर वर्षी ऑगस्टअखेर सोयाबीन पिवळे पडते. कोणी सांगतो व्हायरस, कोणी सांगतो लोह कमी, कोणी बुरशीनाशक देतो. ओळखायचे कसे? – वरोरा, जि. चंद्रपूर

एवढ्या वेगवेगळ्या कारणांनी सोयाबीन पिवळे पडते की दुकानात नुसता फोटो दाखवून औषध आणणे म्हणजे पैसे घालवणे. शेतात जाऊन चार गोष्टी पाहा: पिवळेपणा वरच्या पानांवर आहे की खालच्या, रंग कसा पसरला आहे, सगळे रान पिवळे आहे की ठिगळे, आणि झाड उपटल्यावर मूळ व खोड कसे दिसते.

वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तेही सखल भागात किंवा चुनखडीच्या पट्ट्यात, असे असेल तर लोहाची कमतरता. जमिनीत लोह असते, पण पाणी साचून मुळांचा श्वास कोंडला की झाड ते घेऊ शकत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर घाला, वापसा (जादा पाणी निघून कामाजोगी ओल) येऊ द्या. पुष्कळदा तेवढ्यानेच पीक सुधारते. नाहीच सुधारले तर १० लिटरला फेरस सल्फेट ५० ग्रॅम आणि चुना २५ ग्रॅम, गाळून फवारा.

खालची पाने आधी फिकट आणि झाड एकसारखे मलूल असेल तर नत्र. गाठी फोडून पाहा. पांढऱ्या किंवा पोकळ असतील तर २ टक्के युरियाची एक फवारणी करा.

वरच्या पानांवर हिरव्या रंगात पिवळे अनियमित चट्टे, आज पाच झाडे, आठवड्याने पन्नास, असे दिसले तर पिवळा मोझॅक. हा विषाणू पांढऱ्या माशीने पसरतो आणि विषाणूवर औषध नाही. जे काही करायचे ते पहिली पाच झाडे दिसतात तेव्हा. ती उपटून पुरा, पिवळे चिकट सापळे लावा, पानांच्या खालच्या बाजूला माशी दिसत असेल तर ॲसिटामिप्रिड अधिक बायफेन्थ्रिन १०० ग्रॅम, किंवा थायामेथॉक्झाम अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ५० मिली. अर्धे रान पिवळे झाल्यावर फवारणीचा खर्च वाचवा. लवकर पेरलेल्या शेजारच्या मुगा-उडदावरही हाच रोग येतो, तिकडेही नजर ठेवा.

झाडे ठिगळाठिगळाने सुकत असतील तर उपटा. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर ती बुंधाकूज. मूळ सोलल्यावर आत राखाडी-काळी भुकटी पसरल्यासारखे दिसले तर कोळशी मूळकूज. ही कोरड्या ताणात जोर धरते. खोड उभे चिरल्यावर आत लालसर नागमोडी वाट दिसली तर बुरशी नव्हे, खोडमाशी.

तुमच्या भागात २०२३ च्या सप्टेंबरमध्ये उभी शेते काही दिवसांत पिवळी झाली, तेव्हा एकच कारण नव्हते. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा होता. ताण बसलेल्या पिकावर सप्टेंबरचा पाऊस आला, आणि मोझॅक व मूळकूज दोन्ही एकत्र दिसली. मूळकुजीचे रान असेल तर उभ्या पिकात फवारून मूळ वाचत नाही. बीजप्रक्रियेत ट्रायकोडर्मा, सरीतून निचरा, फुलोऱ्यात व शेंगा भरताना पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला तर तुषार संचाने एक पाणी, आणि दोन वर्षांतून एकदा तिथे ज्वारी किंवा मका हाच उपाय.

पंचाऐंशी-नव्वद दिवसांनंतर खालून पाने पिवळी होऊन गळत असतील तर पीक पक्व होत आहे. त्यावरही औषध विकले जाते.

प्रश्न : चक्रीभुंग्यासाठी दोन फवारण्या केल्या, तरी काढणीआधी झाडे मधून मोडून पडली. – मेहकर, जि. बुलढाणा

मादी पानाच्या देठावर किंवा फांदीवर दोन गोल खाचा पाडते आणि मधल्या भागात अंडे घालते. खाचेच्या वरचा भाग दोन-तीन दिवसांत सुकतो. अळी निघते ती थेट खोडाच्या आत, आणि पोखरत खाली जाते. पीक पिकत आले की ती जमिनीपासून वीतभर उंचीवर खोड आतून कापते. झाड सप्टेंबरमध्ये मोडले तरी अंडे जुलै-ऑगस्टमधले असते. म्हणून पेरणीनंतर २०-२५ दिवसांपासून आठवड्यातून दोनदा फेरी मारा आणि सुकलेले देठ खालच्या खाचेच्या खालून तोडून नष्ट करा. ओळीच्या एका मीटरमध्ये ३ ते ५ झाडे लागलेली दिसली तर फवारा: थायाक्लोप्रिड २१.७ एससी ३०० मिली, किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी ६० मिली, किंवा प्रोफेनोफॉस ५० ईसी ४०० मिली. दुसऱ्या वेळी औषध बदला.

दोन फवारण्या वाया जाण्याचे आणखी एक कारण पंपाच्या हिशेबात असते. ६० मिली औषध २०० लिटर पाण्यासाठी आहे, म्हणजे १५ लिटरचे तेरा पंप, पंपाला साडेचार मिली. प्रत्यक्षात एकरात सातच पंप मारले आणि पंपाला तेवढेच औषध घातले तर रानात जेमतेम ३२ मिली पोचते. पंप कमी मारायचे असतील तर एकराचे औषध तेवढ्याच पंपांत वाटा.

प्रश्न : बाजारात मॉइश्चरच्या नावाखाली कपात करतात. वाळवून नेणे परवडते का? आणि त्याच मालातून बियाणे ठेवायचे आहे. – किनवट, जि. नांदेड

हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे (२०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये). हिशेब सरळ आहे. १८ टक्के ओलाव्याच्या १०० किलोत ८२ किलो कोरडा ऐवज असतो. १२ टक्क्यांवर आणला की वजन ९३ किलो भरते. म्हणजे सात किलो घट तुमच्या खळ्यावरही होणारच. व्यापारी १८ च्या मालाला सात टक्क्यांच्या आसपास कापत असेल तर तो लुटत नाही. त्याहून बरेच जास्त कापत असेल तर ताडपत्रीवर दोन-तीन ऊन द्या. १५ टक्क्यांचा माल १२ वर आणताना क्विंटलमागे साडेतीन किलोच घटतात.

९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्या की काढा. कापलेले पीक ओले असताना गंजी लावू नका, आत गरम होऊन दाणा डागाळतो. बियाण्यासाठीचा पट्टा कापणीआधीच वेगळा धरा: तिथली भेसळ झाडे आणि मोझॅकची झाडे उपटून टाका. त्याची मळणी दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास ओल असताना, ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० वर आणून करा. मजुरी फेऱ्यांवर अवलंबून नसली तरी यंत्रवाल्याला घाई असते, तेव्हा हे आधी ठरवून घ्या. फुटीर दाळ दिसू लागली की वेग जास्त आहे. हार्वेस्टरने काढलेला किंवा पावसात भिजलेला माल बियाण्याला ठेवू नका. १० ते १२ टक्क्यांवर वाळवून बारदानाच्या पोत्यात भरा, प्लॅस्टिकच्या नाही. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, चार-पाच पोत्यांपेक्षा उंच थप्पी नको. शेजारी युरियाची पोती असतील तर ती दुसरीकडे हलवा, युरिया हवेतली ओल ओढतो.